फवारणी पंपाची लॉटरी

नववीतून शाळा सोडून मी तिरुपूरच्या कपडे शिवायच्या कारखान्यात आले, त्याला आता चार वर्षं झाली. भित्री मी आधीपासूनच. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी. हॉस्टेलातल्या एका मुलीला फोनवर कुणीतरी फसवलं, तेव्हापासून तर मी गावी मायला रोज धडे द्यायचे. कुणी लॉटरी म्हणालं की फोन ठेव. आधारचा नंबर कुणाला सांगू नको. माझ्या आवाजात कोणी बोललं तरी नाही, आजकाल आवाजही बनवतात.

माय माझं सगळं ऐकते असं नाही. हे मात्र नेमकं ऐकलं.

आमचं गाव मोहाडी तालुक्यात. मायला भाऊ नाही, म्हणून आजोबांची दोन एकर धानाची जमीन तिच्याच नावावर आली. सरकारी योजनेचा अर्ज ती दर वर्षी भरायची आणि यादीत नाव दर वर्षी दुसऱ्याचंच निघायचं. "ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्याच दारात सबसिडी," असं म्हणून हसायची. फवारणीच्या दिवसांत शेजारच्या काकाजींचा पंप मागून आणायची. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, आटोपेपर्यंत थांबायचं, तोवर आमच्या धानावर तुडतुडे.

या खेपेला मी सुट्टीत घरी होते, तर बॅटरीच्या पंपासाठी अर्ज मीच भरला आणि मोबाईल नंबर माझा दिला. पुढे तिरुपूरला परतल्यावर मेसेज आला : लॉटरीत आपली निवड झाली आहे, सात दिवसांत कागदपत्रं जोडा. मी तो पुसून टाकला. लॉटरी म्हणजे ठगच! सहाव्या दिवशी बाह्या शिवता शिवता आठवलं, सरकारसुद्धा सोडत काढतं आणि तिला लॉटरीच म्हणतं. पोर्टल उघडलं. मायचं नाव होतं.

"माय, तुहा नंबर लागला लॉटरीत! सातबारा अन् आधारचा फोटो पाठव, उद्याच आखरी दिवस हाये."

माय सावध झाली. "कोन बोलून राहिली तू?"

"मी, माय!"

"आवाज तं बरोब्बर काढला बाई. पन माह्या पोरीनं सांगून ठेवलं हाये मले." आणि फोन ठेवला.

तिसऱ्यांदा उचलला तो परीक्षा घ्यायलाच. "माही पोरगी असशील तं सांग. बोरीखालच्या बांधीत गेली होती तवा तुही चप्पल कोनं नेली?"

आठ वर्षांची असताना त्या बांधीच्या चिखलात खेळताना मी नवी चप्पल हरवली होती आणि घरी सांगितलं होतं, कुत्र्यानं नेली. आता खरं सांगावं, तर मायला उत्तर चुकलं वाटणार आणि पंप जाणार. खोटं सांगावं, तर इतक्या वर्षांनी परत तेच?

"कुत्र्यानं," मी म्हणाले. पण राहवेना. "नाही माय. मीच चिखलात हरवली. तुले खोटं सांगतलं."

माय अशी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"धान रोवन्याच्या बायांले सापडली ना ते! मले मालूम होतं. त्या कुत्र्याले मी उगाच काठी हानली. बोल, कोनता कागद पाह्यजे?"

मी शाळा सोडली तेव्हाही ती एका शब्दानं टोचून बोलली नव्हती. चपलेचंही तसंच, इतकी वर्षं मनात ठेवून होती. मी मशीनच्या आडोशाला रडले थोडी, मग गावच्या सेवा केंद्रातल्या ताईंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे कागद जोडून दिले.

नंतर एका रविवारी मायचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. नुसता घुंऽऽ आवाज.

"ओळख, कोन बोलून राहिलं?"

"पंप!"

"हव! पाठीवर हाये. काकाजी बांधावर उभे हायेत. मनतेत, आटोपलं का मले दे. मनलं, थांबा जी, पयले बोरीखालची बांधी होऊ द्या."