म्हैसखडपाचं लाटाभविष्य

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. रेवदंडा आणि आगरदांडा यांच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव छापून आलं की शनिवार-रविवारी आम्हाला आमच्याच दारात पाय ठेवायला जागा उरायची नाही. तशी ती आताही फारशी उरलेली नाही, आणि त्याला निम्मे जबाबदार आहेत माझे शेजारी मार्तंडभाऊ. उरलेली निम्मी जबाबदारी माझ्या मुलीची, काशिफाची. ती लोकांना बोर्डवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवते.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात एक लांबलचक खडप आहे. ओहोटीला त्याच्या काळ्या पाठी वर येतात, म्हणून म्हैसखडप. माझ्या लहानपणी तिथं बाया कालवं काढायला जायच्या, दुसरं कुणी फिरकायचं नाही. आता असं कळलंय की त्या खडपावर फुटणारी लाट फार गुणाची असते. एका टोकाकडून फुटायला लागते आणि सावकाश उलगडत वाळूपर्यंत येते. तिच्यासाठी मुंबईची मुलं मांडव्याला उतरून, रिक्षा बदलत, बोर्ड सांभाळत येतात आणि मार्तंडभाऊंच्या वाडीत मुक्काम करतात.

मार्तंडभाऊंनी जन्मभर आगरदांड्याच्या जेटीवर दिघीच्या बोटीची तिकिटं फाडली. समुद्राशी त्यांचा संबंध तेवढाच, खिडकीतून. पोहता येत नाही. वाळूवर फिरायला जातात तेसुद्धा चपला घालून, लाट जवळ आली की दोन पावलं मागे. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी नारळी-पोफळीच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, फाटकाला एक फळा टांगला आणि त्यावर येत्या तीन दिवसांच्या लाटा लिहायला सुरुवात केली. फळा आमच्या उर्दू शाळेनं टाकून दिलेला. मी तिथं मराठी शिकवायची, मीच तो मिळवून दिला, त्यामुळे त्यावरचं शुद्धलेखन तपासायचा हक्क माझा आहे आणि तो मी रोज सकाळी बजावते.

भरती-ओहोटी ते पंचांगावरून काढतात, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून; जे येईल ती भरतीची वेळ. लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद पाहायला पुण्याच्या श्रेयसनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर ॲप घालून दिलंय. भाषा मात्र त्यांची स्वतःची. जेटीच्या खिडकीत बसून त्यांनी इतकी वर्षं वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचलं की दुसरी भाषा त्यांच्या हाताला येतच नाही. एकदा फळ्यावर होतं:

‘बुधवार. लाटांचा योग मध्यम. सकाळी कार्यसिद्धी. दुपारनंतर वायव्येच्या वाऱ्याची वक्रदृष्टी. खडपाच्या उत्तर अंगाला अर्थहानी संभवते. नवख्यांनी जुन्या मित्रांचा सल्ला घ्यावा.’

अर्थहानी म्हणजे बोर्ड मोडतो, हे काशिफानं पाहुण्यांना समजावून सांगितलं. पाहुणे हसले, फळ्याचे फोटो काढले, आणि दुपारी एकाचा बोर्ड खरंच उत्तर अंगाला मोडला. त्या दिवसापासून मार्तंडभाऊंची मान जी ताठ झाली ती झालीच.

त्यांना हसावं तेवढं थोडं, पण एक सांगते. माणूस फळ्यावर कधी खोटं लिहीत नसे. रोज उजाडताना छत्री घेऊन जायचे, खडपाकडे बघत उभे राहायचे, आणि आदल्या दिवशीचं चुकलं असेल तर वर ठळक लिहायचे, ‘कालच्या भविष्याबद्दल दिलगीर आहे.’ खोल्या भरलेल्या असल्या तरी समुद्र ढिम्म असेल तर ढिम्मच लिहायचे. आमच्याकडे मासळी विकणारीसुद्धा इतकं खरं बोलत नाही.

आणि मग गेल्या चैत्रात प्रमोदिनीताईंच्या डोक्यात समुद्र शिरला.

प्रमोदिनीताई म्हणजे त्यांची बायको. साठी उलटलेली, अंगानं काटक, सुपारी सोलण्यात अख्ख्या आळीत हात धरणारं कुणी नाही. एके दिवशी कुंपणाशी येऊन मला म्हणाल्या, “मुनिराताई, मी जन्मभर समुद्र बघितला तो भाजी चिरताना. खिडकीतून. तुमची काशिफा त्याच्यावर उभी राहते. मला एकदा उभं राहायचंय.”

मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यांच्या खळ्यात, वाळत घातलेल्या सुपारीच्या मधोमध बोर्ड ठेवलेला, त्यावर प्रमोदिनीताई पालथ्या, दोन्ही हातांनी हवेत पाणी मारतायत, आणि काशिफा ओरडतेय, “उठा काकी! एकदम उठा! पाय आडवा!” ताई उठल्या, डगमगल्या आणि सुपारीत बसल्या. पुन्हा पालथ्या झाल्या. ओट्यावर मार्तंडभाऊ पंचांग उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

असा महिना गेला. ताई आधी उथळ पाण्यात तरंगायला शिकल्या, काशिफाचा अंगभर झाकणारा पोशाख घालून. “नऊवारीपेक्षा जास्त झाकतोय हो,” असं त्या मला वर सांगायच्या. मग काशिफा म्हणाली, “काकी आता रेडी हायत. दक्षिण अंगाला, खाली वाळू आहे तिथं, मी बरोबर असेन.”

मार्तंडभाऊंनी घसा साफ केला. आम्ही सगळे ओट्यावर चहा घेत होतो. “समुद्रात उतरायचं तर योग पाहून,” ते म्हणाले. “माझ्या फळ्यावर ‘उत्तम’ आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.”

“बरं,” प्रमोदिनीताई म्हणाल्या. “तुम्ही उत्तम लिहाल त्या दिवशी मी उतरेन. त्याच्या आधी नाही. झालं?”

भाऊंना वाटलं, जिंकलो. बायको इतक्या सहज कबूल झाली म्हणून त्यांनी बशीत आणखी चहा ओतला. आपण काय मागून बसलो हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी खडू हातात घेतल्यावर कळलं असणार.

कारण त्या सकाळपासून फळ्याची तब्येत बिघडली. ‘लाटांचा योग नाही.’ ‘समुद्र मंद. प्रवास टाळावा.’ ‘मन अस्वस्थ राहील.’ कुणाचं मन, ते लिहिलेलं नसायचं. आणि समुद्र बघावा तर असा गुणी की तुम्ही दृष्ट काढावी. सकाळी वारा पडलेला, लाटा कमरेएवढ्या, एकीमागून एक रांगेत. पाहुणे फळा वाचायचे, पाण्यात जायचे, आणि ओलेचिंब, दात काढत परत येऊन त्याच फळ्यासमोर अंग पुसायचे.

प्रमोदिनीताई रोज पदर खोचून फळ्यासमोर उभ्या राहायच्या, वाचायच्या, आणि “आज नाही म्हणे” असं काशिफाला सांगून सुपारीकडे वळायच्या. काशिफा चिडायची. तिला महिनाअखेरीस मस्कतला जायचं होतं, तिथल्या एका हॉटेलात किनाऱ्यावरची नोकरी मिळाली होती. ती गेली की ताईंना समुद्रात नेणारं कुणी नाही. आणि मागोमाग पावसाळा, म्हणजे समुद्र बंद. पुढच्या वर्षी ताईंचे गुडघे काय म्हणतील ते कुठलं ॲप सांगणार?

मला राहवेना. एका सकाळी मार्तंडभाऊ फळा पुसत असताना मी कुंपणावरूनच विचारलं, “भाऊ, आज काय, ग्रहण लिहिणार का?”

ते खडूकडे बघत म्हणाले, “मुनिराताई, मला पोहता येत नाही. तिला काही झालं तर मी काय छत्री टाकू पाण्यात?” आणि फळा पुसता पुसता, “घरात साखर कुठं ठेवलेली असते तेसुद्धा मला ठाऊक नाही हो.”

माझ्या ओठांवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. ते तसंच गिळलं. काशिफा पाण्यात असते तेव्हा मीसुद्धा खिडकीकडे पाठ करून भाकऱ्या थापते. लोक म्हणतात, मुनिरा काय धीराची, पोरीला समुद्रात सोडते. धीर कसला, मी बघतच नाही.

“पण भाऊ,” मी एवढंच म्हटलं, “तुम्ही घाबरलात तर घाबरलो म्हणा ना. समुद्रावर कशाला ढकलता?”

ते ‘योग नाही’ लिहून आत गेले.

त्याच दिवशी दुपारी हर्षद नावाचा एक पाहुणा किनाऱ्यावरून परत आला. ठाण्याचा, दरवर्षी येणारा, तसा मुलगा चांगला. त्यानं खडू उचलला आणि भविष्याखाली लिहिलं, ‘काका, आम्ही सकाळी वेगळ्या समुद्रावर गेलो होतो का?’ मित्र फिदीफिदी हसले. मी सुपारी मागायला आले होते, म्हणून हे सगळं माझ्या समोर झालं.

प्रमोदिनीताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पिठाचे. त्यांनी हर्षदची ओळ पदरानं पुसून टाकली.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “थट्टा करायची तर माझ्या आमटीची कर. ह्यांच्या फळ्याची नाही. तुम्हाला लाट मजेची वाटली असेल, पण ह्यांना त्यात काहीतरी दिसलं असणार. ह्या माणसानं आजवर फळ्यावर खोटं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर मी त्यांच्या शब्दावर एवढे दिवस थांबले असते का?”

हर्षद ओशाळला. “सॉरी काकी,” म्हणाला. मी मात्र आतल्या दाराकडे बघत होते. तिथं मार्तंडभाऊ उभे होते, हातात पंचांग. त्यांचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. शाळेत मी पुष्कळ पोरांना कान धरून उभं केलंय, पण इतका मनापासून लाजलेला चेहरा एकाचाही पाहिला नव्हता. ते तसेच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दारात आले तर फळा लिहून झाला होता. अक्षर वाकडं होतं.

‘गेल्या कित्येक दिवसांच्या भविष्याबद्दल दिलगीर आहे. समुद्राचा दोष नव्हता. आज वैशाख शुद्ध त्रयोदशी. भरती पावणेदहाला. वारा नाही. लाटा लहान, अंतर लांब, खडपाच्या दक्षिण अंगाला विशेष शुभ. योग उत्तम.’

‘दिलगीर’चा पहिला इकार दीर्घ काढला होता. मी तो दुरुस्त केला नाही.

प्रमोदिनीताई बाहेर आल्या, पदर खोचला, वाचलं. वरची ओळ दोनदा वाचली असावी, कारण बराच वेळ उभ्या होत्या. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. रागावल्या की हसल्या ते मला मागून दिसलं नाही. मग म्हणाल्या, “काशिफाला हाक मारा मुनिराताई,” आणि कपडे बदलायला गेल्या.

आम्ही वाळूवर उभे राहिलो, मी आणि मार्तंडभाऊ. त्या दिवशी मी पाठ केली नाही. कशी करणार, शेजारी हा माणूस छत्री आवळून उभा होता. काशिफा बोर्डला धरून ताईंना आत घेऊन गेली. पहिली लाट आली, ताई उठल्या, गेल्या पाण्याखाली. छत्री उघडली. पुन्हा बंद झाली. ताई वर आल्या, नाकातलं पाणी शिंकरलं, बोर्डवर पालथ्या झाल्या. पुन्हा पडल्या. पुन्हा. प्रत्येक वेळी मार्तंडभाऊ एक पाऊल पुढे. चपला कधी भिजल्या ते त्यांना कळलंच नाही. शेवटी पाहिलं तर गृहस्थ विजार ओली करून गुडघाभर पाण्यात उभे, छत्रीसकट.

आणि मग एक लाट आली, अगदी सावकाश, आणि तिच्यावर प्रमोदिनीताई उभ्या. वाकलेल्या, हात पसरलेले, तोंड उघडं. नारळ झाडावरून खाली पडायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. पण उभ्या होत्या. माझ्या तोंडातून “या अल्ला!” निघालं आणि मी भर किनाऱ्यावर टाळ्या वाजवल्या. मला फार आनंद झाला. तो लपवायचं मला काही कारण नाही.

ताई पाण्यातून उठल्या, केस तोंडावरून मागे सारले आणि ओरडल्या, “अहो! मी अजून थांबतेय! तुम्ही चहा करून आणा!”

मार्तंडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. ते गेले, ओली विजार सावरत, आणि बऱ्याच वेळानं थर्मास घेऊन आले. तोवर ताई आणखी एकदा उभ्या राहिल्या होत्या आणि आता वाळूवर बसून धापा टाकत होत्या. काशिफा शेजारी हसत पडली होती. भाऊंनी कप भरून दिला. ताईंनी घोट घेतला, थांबल्या, आणि कप पूर्ण संपवला. मीही प्यायले. साखरेचा एक दाणा नव्हता त्यात.

“पितळी डब्याच्या मागे असते,” ताई एवढंच म्हणाल्या. “बरं, उद्याचं काय?”

“उद्या चतुर्दशी,” मार्तंडभाऊ म्हणाले. “भरती साडेदहाला.” ते खडपाकडे बघत राहिले. बघता बघता ओठ हलले, पुन्हा मिटले. काशिफानं माझा हात धरला.

“आजच्यापेक्षा चांगला आहे योग,” ते म्हणाले, आणि बायकोचा रिकामा कप पुढं घेऊन त्यात पुन्हा तो बिनसाखरेचा चहा ओतू लागले.