आवडाबाईची कोळशावरची कोंबडी

शीळफाट्याला आवडाबाई कोळिणीची कोळशावर भाजलेली कोंबडी खायला माणसं पार ठाण्याहून यायची. नवऱ्यानं मांडलेली शेगडी तो गेल्यावरही तिनं विझू दिली नाही. भाऊ धाकू मदतीला होता. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला चव अशी की लोक बोलणीही पचवायचे.

त्र्याण्णव साली नौपाड्यातली उत्तरा दर रविवारी नवऱ्यासोबत स्कूटरवरून यायला लागली. नवरा कोंबडी हाणायचा आणि ही डब्यातल्या लाह्या चघळत बसायची. आवडाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"काय गो, माझी कोंबडी वाईट हाय?"

"तसं नाही हो मावशी. गव्हाचा कण पोटात गेला तरी मी आजारी पडते. डॉक्टरांनी गहू जन्माचा बंद केलाय. बाहेर खायची भीतीच वाटते."

"येवढंच? आमच्याकडं तांदलाची भाकरी. पीठ मीच जात्यावर काढते. खा बिनधास!"

उत्तरा बोटं चाटून जेवली. पुढच्या रविवारी आली ती ओढलेल्या चेहऱ्यानं, डबा घेऊन. आठवडाभर पोटानं हैराण झाली होती. "तुमचा दोष नाही मावशी," ती म्हणाली, "पण आता बाहेर खायचंच नाही."

आवडाबाईला हे शिवीपेक्षा लागलं. तिच्या हातचं खाऊन आजवर कुणी आजारी पडलं नव्हतं. तिनं मसाले तपासले, हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात म्हणून हिंगाची डबी फेकून दिली, जातं घासून काढलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जाळीपाशी धाकू तेलात बुडवलेला शिळा पाव कोंबडीवर फिरवत होता. कोंबडी कोरडी पडू नये म्हणून रोज हेच चालायचं. पण आजवर तिच्या लेखी तो गव्हाचा पाव नव्हताच, तेलाचा बोळा होता.

"टाक तो पाव, मेल्या!"

"अगं, दाजींची पद्धत हाय ती."

"तुज्या दाजींना मी काय ते सांगन," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. शेगडीखेरीज नवऱ्याचं तेवढंच तर तिच्याकडे उरलं होतं.

तिनं नवी जाळी आणली आणि तेल लावायला अर्धा कांदा काटकीला टोचला. चव बदलली म्हणून जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली. तिनं त्यांना वाटेला लावलं.

उत्तरा आली तेव्हा आवडाबाईनं सगळं सांगितलं. "चूक माझीच. आता पाव जाळीला शिवत नाय. खायचं तर खा, नायतर तुझा डबा हायेच."

उत्तरानं वाकून नवी जाळी आणि तो कांदा नीट बघितला. मग तिनं कोंबडी आणि भाकरी मागितली.

तो आठवडा आवडाबाईला अन्न गोड लागलं नाही. रविवारी स्कूटर थांबली, उत्तरा मागच्या सीटवरून उतरली. आवडाबाईनं आधी तिच्या हातांकडे पाहिलं. डबा नव्हता.