काकडं न घातलेले वडे

आमच्या ओवीचा पांढरा सोडून कुठल्याही रंगावर विश्वास नव्हता. भात चालायचा, दूध चालायचं, दही चालायचं. पोहे पिवळे म्हणून बाद. केळं आतून पांढरं असतं असा युक्तिवाद मी करून पाहिला, पण तिने त्यातले काळे ठिपके मला बोटाने दाखवले. अपवाद फक्त एक, बटाटेवडा. तो पिवळा असून तिला कसा चालायचा हे मला आजवर कळलेलं नाही.

मी किन्हवलीला एका शाळेत विज्ञान शिकवतो. संतुलित आहार हा धडा माझा हातखंडा! पन्नास मुलांना पालेभाज्यांची महती पटवून घरी यायचं आणि स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलीला दूधभात कालवून द्यायचा, असं माझं चाललं होतं. हसू यायचं, पण फार नाही. कारण शाळेच्या चढावर ओवी मधेच दगडावर बसायची आणि म्हणायची, "बाबा, पाय दमले." शहापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, की अंगात रक्त कमी आहे, औषध देतो, पण पोटात भाजी-फळं गेलीच पाहिजेत. त्या दिवशी परतीच्या एसटीत सुरेखा, म्हणजे माझी बायको, ओवीला मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला फार भीती वाटली होती.

मग आम्ही चोरीला लागलो. बिटाची प्युरी डोशात, पालक कणकेत, गाजर खिरीत. ओवीपुढे ताट ठेवलं की ती वाकून वास घ्यायची, आमच्याकडे बघायची आणि म्हणायची, "आधी तुम्ही खा." आम्ही खायचो. ती आमचे चेहरे न्याहाळायची आणि ताट सरकवायची. महिन्याभरात माझं आणि सुरेखाचं रक्त मात्र उत्तम झालं असणार.

जूनच्या सुरुवातीला आठवडी बाजाराच्या दिवशी बुधीमावशी दारात आल्या. बुधीमावशी डोंगराकडच्या ठाकरवाडीतून रानभाजी घेऊन येतात. घरोघर भाजी विकून शेवटी आमच्याकडे पाणी पितात, रिकामी पाटी आमच्या ओट्यावर ठेवून बाजारहाट करायला जातात आणि परतताना ती उचलतात. त्या दिवशी त्यांनी शेवळाच्या दोन जुड्या दिल्या आणि रिवाजाप्रमाणे सोबत मूठभर काकडं. (शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे कोंब, आणि काकडं म्हणजे बोराएवढी हिरवी, आंबटढाण फळं. आमच्याकडे काकडांशिवाय शेवळं कोणी विकत नाही.)

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. शेवळं बारीक चिरून बटाटेवड्यात घालायची! रंग दिसणार नाही, वास मसाल्यात जाईल. अडचण एकच होती, काकडांचा आंबटपणा. तो ओवीच्या जिभेला लगेच कळला असता. म्हणून मी काकडं सरळ बाजूला काढली. माझी पक्की समजूत होती, की ती चवीसाठी घालतात. मी इथून जवळच्याच धसईचा. शेवळं खाण्याचा माझा अनुभव तीस वर्षांचा, करण्याचा शून्य! सुरेखा नाशिककडची, तिने शेवळं लग्नानंतर पाहिली, तीही शिजवलेलीच. त्यात माझे सासरे, अण्णा, दोन दिवसांसाठी आले होते. सुरेखाने विचारलं, की हे असंच करतात का. मी म्हणालो, "अगं, माझ्या गावची भाजी आहे. तू मला शिकवणार?"

वडे फार देखणे झाले होते. खरंच.

ओवीने वास घेतला. मग अण्णांकडे बघून म्हणाली, "आधी तुम्ही खा." अण्णा नातीच्या प्रेमाखातर दोन वडे खाऊन गेले. सुरेखाने एक खाल्ला. मी उत्साहाच्या भरात तीन! तोंडभरून वाहवा करायला मी तोंड उघडलं आणि घशात कोणीतरी खाजकुयली फिरवल्यासारखं झालं. अण्णांना ठसका लागला. सुरेखाने जीभ बाहेर काढून पदराने पुसायला सुरुवात केली. अण्णा बाहेर जाऊन चुळा भरू लागले, आत येऊन साखर खाल्ली, पुन्हा बाहेर गेले. जावई म्हणून माझी जी काही पत होती ती त्या चुळांबरोबर अंगणात वाहून चालली होती. मी काही बोलायला जावं तर नुसता घरघर आवाज यायचा. आणि ओवी? हातातला वडा तसाच ठेवून ती आमच्याकडे बघत खदाखदा हसत होती. तिने तो तोंडाला लावला नव्हता, एवढीच देवाची कृपा.

तेवढ्यात बुधीमावशी पाटी न्यायला आल्या. त्यांनी ओट्यावर चुळा भरणारे अण्णा पाहिले, दारात जीभ पुसणारी सुरेखा पाहिली आणि आत येऊन सरळ मला विचारलं, "मास्तर, काकडं कुठं टाकली?"

मी हाताने कोपरा दाखवला. कोपऱ्यात काकडं नव्हती. मी बाजूला काढलेली काकडं ओवीने केव्हाच उचलून आपल्या भातुकलीच्या टोपलीत घातली होती आणि त्यांचं दुकान मांडलं होतं.

"आमी जुडीसंगं काकडं काय शोभेला देतो काय?" मावशी म्हणाल्या. "शेवळाची खाज काकडानंच मरते. दे गो बाय, एकेक दे सगळ्यांना."

ओवीला इतकं महत्त्वाचं काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. तिने आजोबांना एक दिलं, आईला एक दिलं, मला जरा विचार करून दिलं. आम्ही डोळे मिटून ती आंबट फळं चावली आणि हळूहळू घसा माणसात आला. डोळे उघडून बघतो तर ओवीच्या गालात काहीतरी होतं. हिरवं! तिने तोंड वेडंवाकडं केलं, अंग शहारलं, आणि टोपलीतून दुसरं उचललं.

सुरेखाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं शेवळामुळे असेल, पण ते शेवळामुळे नव्हतं. तिने आमच्या चोऱ्यांची सगळी हकिगत मावशींना सांगून टाकली.

"पोरीला आंबट पायजे," बुधीमावशी म्हणाल्या. "तुमी गोडात लपवून घालता. आन् चोरून कशाला? पोर काय चोर हाय?"

शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, हे मी त्या क्षणी कोणालाही सांगितलं नाही.

पुढे मावशी येताना ओवीसाठी वेगळी पुडी आणू लागल्या. अंबाडी आणली तर ओट्यावर बसून तिच्याकडूनच पानं खुडून घेत. स्वतः खुडलेल्या अंबाडीच्या वरणात ओवीने पहिल्यांदा हिरवा भात कालवला. मग टोमॅटोची कोशिंबीर आली, मीठ लावलेला पेरू आला, आवळे आले. आंबट वाट धरून एकेक रंग घरात शिरत गेला. मावशींचे आभार कसे मानावेत मला कळेना. एकदा हात जोडले तर म्हणाल्या, "मी काय केलं? खाज तर तुमी आणली."

दिवाळीच्या आधी पुन्हा शहापूरला गेलो. रक्त वाढलं होतं. शाळेचा चढ ओवी आता न बसता चढते, उलट मीच मागे राहतो. डॉक्टर खुश झाले. त्यांनी ओवीला जवळ घेतलं आणि विचारलं, की आता काय काय खातेस. तिने यादी सुरू केली ती संपेचना. मी छाती पुढे काढून उभा होतो.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "मग आता खात नाहीस असं काही आहे का?"

"बाबांच्या हातचं," ओवी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "तेवढं पथ्य राहू दे."