बारीक डोळ्यांचा गाववाला

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे माझ्या चेहऱ्याचे किस्से साठलेत. संध्याकाळी झाडून काढावेत, सकाळच्या शिफ्टला पुन्हा तेवढेच! डोळे बारीक, नाक बसकं, दाढी नावाला. आमचे आजोबाही असेच दिसायचे. गावात कुणी कधी विचारलं नाही. भोसरीतल्या आमच्या शेतांवर कारखाने आले आणि मी नेपाळी झालो.

*

सातवीतून शाळा सोडली होती. पुढं कंपनीत टेम्पररी लागलो. कँटीनवाला पंधरा दिवसांपूर्वीच लातूरहून आलेला. मला म्हणाला, "मराठी झकास शिकलास रे! किती दिवस झाले येऊन?"

मी लाजत म्हणालो, "एकोणीस वर्षं."

"तरीच!"

*

गेटवर खराखुरा नेपाळी वॉचमन होता. त्यानं मला त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. मग त्यानं हिंदीत झापलं, "पगार मिला तो माँ की भाषा भूल गया?"

मी मान खाली घातली. शेजारी माझा मित्र ज्ञानोबा उभा होता. तो सांगेल सगळं, असं वाटलं.

ज्ञानोबा म्हणाला, "व्हय व्हय, लई माजलाय त्यो!"

*

एकदा जपानी इंजिनिअर पाहुणे आले. मुंबई ऑफिसचे मोठे साहेब हार घेऊन दारात उभे. पाहुण्यांची बॅग घ्यायला मला पाठवलं. बॅग घेऊन मी पुढे, पाहुणे मागे. हार माझ्या गळ्यात! वर इंग्रजीत दोन मिनिटं भाषण. मी घामाघूम.

सगळ्यांत जोरात टाळ्या पाहुण्यांनीच वाजवल्या.

*

यावर मीही हसायचो. एकदा मात्र हसू आलं नाही.

जमीन गेलेल्या घरातल्या एकाला परमनंट करायचं ठरलं. आमची तीन एकर गेली होती. सातबाऱ्याचा जुना उतारा आणि अर्ज घेऊन मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी उतारा पाहिला, मग माझं तोंड.

"ये कागज किससे खरीदा?"

मी मराठीत सांगत होतो, ते हिंदीत ऐकवत होते. ज्ञानोबा गावातली चार माणसं घेऊन आला. साहेब म्हणाले, "तुम्ही गाववाले काय, कुणासाठीही साक्ष द्याल!"

अर्ज तसाच पडून राहिला. आई रोज विचारायची, "झालं का रं?"

त्याच सुमारास नवं मोठं मशीन बसवलं, आणि ते एका बाजूला कलू लागलं. सरळ केलं, काँक्रीट ओतलं, पुन्हा कललं. सगळे साहेब गोल करून उभे. मी चारचौघांत तोंड न उघडणारा, पण त्या दिवशी पुढे झालो.

"साहेब, हितं आमची विहीर हाय. बुजवलेली. सहा परस खोल. पायऱ्या उगवतीला."

पर्सोनेलचे साहेब हसले. "अब कुआँ भी तुम्हारा?"

मशीन हलवून खोदलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दगडी कडं लागलं. उगवतीच्या बाजूला पहिली पायरी लागली.  

पर्सोनेलच्या साहेबांनी माझा अर्ज मागवला. तिथंच, मशीनला टेकवून सही केली. अर्ज हातात देताना ते हळूच, चक्क मराठीत म्हणाले, "आणि काय हो... माझ्या केबिनखाली काय आहे?"

मला खोटं बोलता येत नाही.

"उकिरडा, साहेब."