मिस्त्रींचा हात

मिस्त्री हातोडा फेकायच्या आधी एकदाच सांगायचे, "बाजूला हो." ज्याला ऐकू आलं तो वाचला. त्या दिवशी मला ऐकू आलं, म्हणून आज हे लिहितोय.

चूक माझीच होती. अंबरनाथला आमचं प्रेस शॉप आहे. पत्र्याच्या पट्ट्या पॉवर प्रेसखालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, सरकवायच्या आणि मिक्सरचे, पंख्यांचे भाग कापायचे. मी तिथे खरेदीचा कारकून. पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता काढता येतो, एवढ्या एका गुणावर सगळ्यांनी मला कॉम्प्युटर इंजिनिअर ठरवून टाकलं होतं. शेठनी उल्हासनगरच्या कुठल्याशा लग्नात क्लाउडवरच्या मशीन लर्निंगचं नाव ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "सॅम्पल ॲप रेडी मिळतं. आपण बस फोटो द्यायचे. मशीन खुद शिकतं. कॅमेऱ्याला हात दिसला की प्रेस उतरायचीच नाही. लाव तू."

मी सूचनांच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते ॲप लावलं आणि कौतुकाने सगळ्यांना गोळा केलं. नमुना म्हणून त्यात आधीच कुत्र्यामांजरांची ओळख शिकवलेली असते, ती आधी काढायची असते, ही ओळ तेवढी बोटाखाली झाकली गेली असावी. कॅमेऱ्यासमोर पहिले आले मिस्त्री. पडद्यावर त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटली आणि वर अक्षरं आली: डॉग.

"काय लिहिलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ए कॉम्प्युटर, काय लिहिलंय?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं सुचलं नाही.

"बाजूला हो."

टेबलाच्या कडेचा टवका उडाला. अजून तो तसाच आहे.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. बोलण्याआधी ज्याचा हात सुटतो असा. मिस्त्री आमचे फोरमन. अंगाने काटकुळे, पण थप्पड अशी, की खाणाऱ्याला दुपारच्या जेवणाला चव लागू नये. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी तरुणपणी प्रेसखाली घालवली होती. उरलेल्या तीन बोटांचा मार पाच बोटांपेक्षा जास्त लागतो, असं जाणकार सांगायचे. त्या जाणकारांत मीही आहे.

मार कशासाठी, तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस उतरते, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण त्यात वेळ जातो. मग आमची मंडळी एका बटणात पत्र्याची चिपटी खुपसून ते दाबलेलंच ठेवायची. एक हात बटणावर, दुसरा आत. माल भराभर निघायचा. मिस्त्रींना लांबून नुसत्या आवाजाच्या लयीवरून संशय यायचा. मागून येऊन ते आधी हाणायचे आणि मग चिपटी उपटायचे.

"मर की मग! मरायचंय तर घरी जाऊन मर. माझ्या डायवर नको."

पाळी सुटली की दारात उभे. "हात दाखव." प्रत्येकाने दोन्ही पंजे पसरून दाखवायचे, शाळेत नखं दाखवतात तसे. मी ऑफिसचा माणूस, माझ्या हाताला फार तर स्टेपलरची पिन लागणार. तरी मलाही सुटका नव्हती.

आता कॅमेऱ्याला हात ओळखायला शिकवायचं, तर प्रेसमध्ये घातलेल्या हाताचे ढीगभर फोटो हवेत. मी कामगारांना एकेक करून बोलावलं. पहिल्याने हात आत घातला मात्र, मिस्त्रींनी त्याला कॉलर धरून मागे फेकलं.

"मिस्त्री, मोटर बंद आहे. नुसता फोटो."

"फोटोलासुद्धा नाही. सवय लागते. माझा घे."

मग चार-पाच दिवस मी त्यांचाच हात टिपत होतो. उताणा, पालथा, तेलकट, धुतलेला, पट्टी धरलेला. ते शिव्या देत होते, मी बटण दाबत होतो. फोटो क्लाउडवर चढवले, "शिकवा" म्हटलं, आणि तिकडे कुठेतरी कुणी न बघता ते शिकलंसुद्धा. मिस्त्रींनी हात घातला: "हात". काढला: "हात नाही". शेठनी खुशीत सगळ्यांना नाश्त्याला उल्हासनगरहून दालपकवान मागवलं. कॅमेरा लावलेल्या प्रेसची दोन बटणं काढून पायाचं पेडल जोडलं. आता राखण कॅमेऱ्याची.

त्या प्रेसवर सविता बसली. खरवई गावची मुलगी, नवी, हात चपळ. मिस्त्री तिच्या शेजारी लोखंडी चिमटा घेऊन उभे, मी लॅपटॉपसमोर. सगळं छान चाललं होतं. मग कापलेला तुकडा डायमध्ये चिकटला आणि तो काढायला तिने पंजा आत घातला. पाय पेडलवर तसाच होता.

पडदा हिरवा. "हात नाही."

मी ते वाचलं. मिस्त्रींनी वाचलं नाही. त्यांनी चिमटा पूर्ण ताकदीने तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला प्रेसच्या आवाजाआधी ऐकू आला, नंतर प्रेस धाडकन उतरली. तिचा हात बाहेर उडाला होता, चिमट्याचं टोक आत राहिलं होतं. ते कागदासारखं चपटं होऊन बाहेर आलं.

सविता किंचाळत होती. तिला दवाखान्यात नेलं. मग मिस्त्रींनी हातोडा उचलला. या वेळी "बाजूला हो"सुद्धा म्हणाले नाहीत. कॅमेरा गेला, लॅपटॉप गेला, पेडल मुळासकट उखडलं. शेठ "मिस्त्री, पागल झालात काय!" म्हणत पुढे आले आणि त्यांचा चेहरा पाहून तसेच मागे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविताचे दोन भाऊ गेटवर आले. बहिणीचं मनगट मोडलं, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी मिस्त्रींना धरलं आणि तुडवलं. ज्या माणसाने आयुष्यभर आधी हात उचलला, तो आपणच दोन्ही हात पाठीमागे धरून मार खात होता. मी मध्ये पडलो, म्हणजे एका धक्क्यात गटाराच्या झाकणावर खरोखरच पडलो. तोंडातलं रक्त थुंकून मिस्त्रींनी थोरल्या भावाला विचारलं, "बोटं बघितलीस का तिची? आहेत सगळी?"

तो थांबला. धाकट्याला ओढत घेऊन निघून गेला.

लॅपटॉप फुटला, तरी शिकलेलं सगळं क्लाउडवर शाबूत होतं. दुपारी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते उघडलं. कॅमेऱ्यासमोर माझा हात धरला. "हात नाही." शर्टाची बाही वर केली, अंगठी काढली, दिवा लावला. "हात नाही." शेवटी कंटाळून मी दोन बोटं आत मुडपली.

"हात."

मागे मिस्त्री उभे होते, ओठ सुजलेला. "परत कर," म्हणाले.

मी बोटं उघडली. मिटली. उघडली. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आपला हात पुढे केला. पडद्याने क्षणभरही विचार केला नाही. "हात."

"म्हणजे हे माझ्याकडनं शिकलं," ते म्हणाले.

"मिस्त्री, मशीन आहे ते. पाचपन्नास जणांचे फोटो घातले असते तर..."

"घालू दिले नाहीत मी."

टेबलावर पेपरवेट होता, पंच होता, माझा स्टीलचा डबा होता. त्यांनी काहीच फेकलं नाही. दार हळू ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. शेठनी स्वतः गाडी काढून बदलापूर गावातल्या त्यांच्या खोलीवर चक्कर मारली. "काम पे आओ बोलायला गेलो होतो," ते म्हणाले, "कुलूप आहे." कुणी म्हणतं मुलीकडे गेले, कुणी म्हणतं गावाला. फोन बंद असतो.

परवा संध्याकाळी सविता आमच्या घरी आली. प्लास्टर निघालंय, मनगट जरा वाकडं बसलंय. मिस्त्रींचा पत्ता विचारायला आली होती. आईला त्यांच्या पाया पडायचंय म्हणाली, आणि तिला स्वतःला त्यांना एकदा शिव्या घालायच्यात. दोन्ही एकदम सांगताना हसली. पत्ता माझ्याकडे नव्हता.

बायकोने तिला चहा दिला. "आता काय, घरीच का?"

"नाही काकी, येत्या सोमवारपासून जाणार. त्याच प्रेसवर. कॅमेरा काढला, बटणं परत बसवली."

"मग बरंय. दोन्ही हातांनीच दाबायची ना?"

"हो," सविता म्हणाली, आणि मग जीभ चावून, "पण माल निघत नाही ओ तसा. चिपटी लावतात परत सगळे."

ती गेली. मी गॅलरीतून तिला रिक्षात बसताना पाहिलं आणि आत येऊन म्हटलं, "बघ, पोरगी किती हिमतीची आहे."

ही कप विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, "हिंमत राहू द्या हो. आता तिथे मारायला कोण आहे?"