हात लावायला कोणी गेलं नाही

समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, पण जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात आम्ही जहाजांची लोखंडी दारं बनवायचो. दार इतकं जड, की चेनकप्पीनं उचलून चौकटीत बसवताना एका टोळीचे हात पुरत नसत. मुकादमानं ‘हात लावा रे’ म्हटलं, की शेजारच्या टोळ्या आपलं काम टाकून धावायच्या. माझा थोरला भाऊ एका टोळीचा मुकादम, मी त्याच्या हाताखाली फिटर. धावण्यात भाऊ सगळ्यांच्या पुढे.

नव्वदच्या सुमाराला ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेब म्हणायचे, माहिती हाताशी असली की कामाला वेग येतो. रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ कागद लागायचा, कोणत्या टोळीनं किती दारं पुरी केली त्याचा. दुसऱ्याच्या दाराला लावलेला हात त्यात कुठंच दिसायचा नाही, म्हणून भाऊची टोळी कायम तळाला. शेवटी साहेबांनी त्याला सांगितलं, हा महिनाही तळाला राहिलास तर घरी बस. मला असा संताप आला, की त्या यंत्रात घण घालावा. पण भाऊच्या घरी लहान लेकरं होती. तो नुसता म्हणाला, ‘आते कोनाकडेबी जावानं नही.’

आमच्या शेजारी अमळनेरकडचा मुकादम काम करायचा. भाऊ आणि तो एकाच डब्यातलं भरीत खायचे. त्या मुकादमाचा धाकटा भाऊही त्याच्याच टोळीत होता. एका दुपारी त्यांचं दार कप्पीवर हेलकावायला लागलं.

‘हात लावा रे, दार सरकी राह्यनं,’ त्या मुकादमानं हाक दिली.

मी उठलो. भाऊनं कॉलर धरून मला खाली बसवलं. दुसरी हाक आली तरी त्याची मूठ सुटली नाही. बाकीच्या टोळ्याही मान खाली घालून आपापली दारं घासत राहिल्या. मग दार खाली आलं आणि धाकट्याचा उजवा हात चौकटीत चिरडला. तो गुरासारखा ओरडत होता.

त्याला दवाखान्यात हलवलं आणि मुकादम पहार घेऊन आमच्याकडे आला. ‘काबरं उना नही तू?’ का आला नाहीस, एवढंच विचारून त्यानं पहार भाऊच्या खांद्यात घातली. भाऊनं त्याचं नरडं धरलं, भिंतीवर तोंड आपटलं, पुन्हा आपटलं. दात पडले. मी लाथा घालत होतो, मला कोण मारत होतं ते कळत नव्हतं. आदल्या दिवशी बिडी मागून ओढणारी माणसं आम्ही.

पहार उगारली म्हणून साहेबांनी त्या मुकादमाला कामावरून काढलं. धाकट्याचा हात कोपरापासून कापावा लागला. महिनाअखेरीस आमची टोळी कागदावर सगळ्यांत वर होती, कारखान्याचं कामही वाढलं होतं. साहेबांनी पेढे वाटले. नोकरी वाचली, पण भाऊनं पेढा घेतला नाही.

रविवारी मला घेऊन त्यानं अमळनेरची एसटी धरली. धाकटा ओट्यावर बसला होता, बाही मोकळी लोंबत होती. मुकादम बाहेर आला, भाऊला पाहिलं आणि पायातली वहाण काढून मारायला लागला. तोंडावर, डोक्यावर, त्याच दुखऱ्या खांद्यावर. मी मधे पडलो तर भाऊनं मला ढकललं.

‘मारू दे त्याले.’

मारून मारून तो दमला आणि वहाण टाकून रडायला लागला. भाऊनं ती उचलली आणि धाकट्यापुढे धरली. धाकट्यानं ती घ्यायला डावा हात पुढे केला.