डोळ्यांतलं कडं

थंडीत तुपाची बरणी उघडली, की कडेनं आधी थिजलेलं पांढरं कडं दिसतं आणि मला वडिलांचे डोळे आठवतात. त्यांच्या बुबुळांभोवती तसंच कडं होतं. फौजेतून निवृत्त झालेले वडील सांगायचे, "बॉर्डरवरचा बर्फ हाय त्यो, डोळ्यात बसलाय." आम्हाला ते खरंच वाटायचं. पण कडं दाट होत गेलं, तसे तेच धास्तावले. नजर जाणार म्हणून गुपचूप माझ्याबरोबर पलूसच्या दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून नीट पाहिलं. "काका, हा मोतीबिंदू नाही. वय वाढेल तशी रक्तातली चरबी थोडी थोडी इथं कडेला साचते. नजरेला धोका नाही." वडील हळूच म्हणाले, "आवं बाई, दर सुट्टी संपली की आय माझ्या ट्रंकेत तुपाचा डबा घालायची. त्यातलं बी असंल व्हय ह्यात?" बाई हसल्या नाहीत. "असेल की," म्हणाल्या. परतताना वडील मोटरसायकलच्या आरशात वाकून वाकून स्वतःचे डोळे बघत होते. परवा दाढी करताना माझ्या बुबुळाला तसंच पुसट कडं दिसलं. भातावर तुपाची धार सोडणारी माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. साबण गालावर वाळला, तरी मी बघतच राहिलो.